बर्फावरचा तापमापक आणि संगणकातला डोंगर

माघातल्या जत्रेला बैलगाडी जुंपून उळवीला येणाऱ्या भाविकाला तिथली पहाटेची थंडी अंगावर कळते. तिचा आकडा त्याला लागत नाही. पण आकडा हवाच झाला, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या माघ पौर्णिमेला पहाटे पाच वाजता चन्नबसवेश्वरांच्या समाधीच्या परिसरात पारा कुठे होता हे सांगायचे झाले, तर दोन वाटा आहेत. कारवार, होन्नावर, पणजी आणि बेळगाव इथल्या वेधशाळांच्या जुन्या नोंदी काढून त्यांवरून अदमास बांधायचा, ही पहिली. यांतल्या तीन वेधशाळा समुद्राकाठच्या, चौथी घाटापलीकडच्या पठारावरची. उळवी ज्या जोयडा तालुक्यात आहे, त्याच्या जंगलातल्या डोंगरांत यांपैकी एकही नाही. दुसरी वाट अलीकडे खुली झाली आहे. हवामानाच्या पुनर्विश्लेषणाचे जे जागतिक संच आज कोणालाही मोफत उतरवून घेता येतात, त्यांत उळवीचे अक्षांश-रेखांश टाकले की त्या पहाटेच्या त्या तासाचे तापमान दशांशासह समोर येते. नेमकेपणामुळे तो आकडा खरा वाटतो. मात्र तो कोणत्या जागेचा आहे, किती उंचीवरचा आहे आणि त्याच्या मागे प्रत्यक्ष तापमापक कितपत आहे, हे प्रश्न बहुतेक वेळा विचारलेच जात नाहीत. उळवीच्या बाबतीत ते न विचारल्याने फारसे बिघडत नाही. हिमालयातल्या हिमनदीच्या बाबतीत मात्र एखाद्या अंशाच्या फरकाने बर्फ टिकतो की नदीला जाऊन मिळतो हे ठरते. हिमाच्छादित पर्वतांवरचे तापमान पुनर्विश्लेषणावरून कसे काढावे, हा या प्रस्तावनेचा विषय त्यामुळेच केवळ तज्ज्ञांचा राहत नाही.

हा विषय उळवीच्या वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही. जोयडा तालुका पश्चिमेला गोव्याला भिडतो आणि त्याच गोव्यात, वास्कोजवळच्या हेडलँड सडा इथे, राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकाच्या भारतीय मोहिमा हे केंद्र चालवते हे पुष्कळांना माहीत असते. हिमाचल प्रदेशातल्या चंद्रा नदीच्या खोऱ्यातल्या हिमनद्यांचा अभ्यासही तेच करते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ऑक्टोबर २०१६ मध्ये या केंद्राने लाहौल-स्पितीच्या त्या ओसाड मुलखात, १३,५०० फुटांहून अधिक उंचीवर, ‘हिमांश’ नावाचे संशोधन ठाणे सुरू केले. सुतरी ढाका, बाटल, समुद्र टापू, बडा शिग्री, गेपांग गाथ या हिमनद्यांची नावे वास्कोच्या समुद्रकाठी रोजच्या कामात घेतली जातात. हिमनदीची वाढ-घट मोजणे, तिच्यावर स्वयंचलित हवामान केंद्रे बसवणे, वितळलेल्या पाण्याचा प्रवाह मोजणे हे ते काम. इतके करूनही हिमालयाच्या विस्ताराच्या मानाने बर्फावर उभे असलेले तापमापक अगदी तुरळक आहेत. जे आहेत त्यांतल्या बहुतेकांच्या नोंदी काही वर्षांच्या, आणि त्याही मधे मधे तुटलेल्या. म्हणून अभ्यासकाला पुनर्विश्लेषणाकडे वळावेच लागते. माझे म्हणणे एवढेच आहे की त्याने तिकडे काय मागायला जावे आणि काय मागू नये, हे आधी ठरवावे. हवा आज कालच्यापेक्षा किती तापली, यंदाचा उन्हाळा गेल्या वर्षीपेक्षा किती कडक होता, हे पुनर्विश्लेषण चांगले सांगते. डोंगराच्या अमुक उतारावर पारा नेमका किती होता, हे त्याला सांगता येत नाही. ते त्या उतारावरच्या तापमापकालाच विचारावे लागते, मग तो तापमापक तिथे एखादाच मोसम का उभा असेना.

पुनर्विश्लेषण म्हणजे काय हे आधी नीट पाहू. रोजचा हवामान अंदाज करणारे संगणकीय प्रारूप वर्षागणिक सुधारत जाते. त्यामुळे १९८० साली प्रारूपाने काढलेले वातावरणाचे चित्र आणि २०१० साली काढलेले चित्र यांत जो फरक दिसतो, तो हवामानाचा किती आणि प्रारूपाचा किती, हे उमगत नाही. १९८८ मध्ये लेनार्ट बेंग्टसन आणि भारतीय शास्त्रज्ञ जगदीश शुक्ला यांनी असे सुचवले की एकच आधुनिक प्रारूप गोठवून घ्यावे आणि जुन्या साऱ्या नोंदी त्यातून पुन्हा पहिल्यापासून चालवाव्यात. १९९६ मध्ये अमेरिकेचा चाळीस वर्षांचा संच प्रसिद्ध झाला आणि ही कल्पना रुळली. आज सर्वाधिक वापरला जाणारा संच युरोपीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राचा ईआरए-५ हा आहे: १९४० पासूनचा, दर तासाचा, सुमारे ३१ किलोमीटरच्या चौकोनांचा, वातावरणाचे उंचीनुसार १३७ थर धरणारा. भारतासाठी नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राने ब्रिटिश हवामान खाते आणि भारतीय हवामान विभाग यांच्या साहाय्याने १२ किलोमीटरच्या चौकोनांचा, १९७९ पासूनचा वेगळा संच तयार केला आहे. या सगळ्यांची रीत मुळात एकच. प्रारूप काही तास पुढचा अंदाज करते. मग त्या वेळेच्या जमिनीवरच्या वेधशाळा, फुग्यांनी वर पाठवलेली उपकरणे, जहाजे, विमाने आणि उपग्रह यांच्या नोंदी त्या अंदाजाशी ताडून पाहिल्या जातात. दोघांच्या विश्वासार्हतेच्या प्रमाणात अंदाज दुरुस्त होतो आणि तिथून पुढचा अंदाज सुरू होतो. जिथे नोंदी दाट तिथे नोंदींचे वजन अधिक. जिथे नोंदीच नाहीत तिथे जे मिळते ते मुख्यतः प्रारूपाचे म्हणणे, आणि ते म्हणणे भौतिकशास्त्राच्या नियमांत बसणारे असते एवढीच त्याची ग्वाही.

आता चौकोनाचा प्रश्न. कारवारपासून उळवीपर्यंतचे सरळ अंतर ईआरए-५ च्या एका चौकोनाच्या लांबीहून फार जास्त नाही. तेवढ्यात समुद्र येतो, काळी नदीचे मुख येते, अणशीचा घाट येतो, सह्याद्रीचा माथा येतो आणि मागचे जंगली पठार येते. घाटाचा कडा एका चौकोनाच्या पोटात गडप होतो आणि त्याच्या जागी एक सपाट, सरासरी उंचीची जमीन उरते. महाराष्ट्रातल्या वाचकाला याहून ठळक उदाहरण महाबळेश्वरचे. पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसे वर नाही, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, पलीकडे वाई. हे सारे सहज एक-दोन चौकोनांत मावते. महाबळेश्वरी भारतीय हवामान विभागाची वेधशाळा आहे आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेली उंचावरची ढगभौतिकी प्रयोगशाळाही आहे, त्यामुळे संगणकातल्या त्या सपाट डोंगराचे तापमान खऱ्या डोंगराशी ताडून पाहता येते. हिमालयात चौकोन तेवढाच राहतो, पण त्याच्या पोटातले चढउतार तीन-चार हजार मीटरचे असतात. एकाच चौकोनात देवदाराचे जंगलही असते आणि बारमाही बर्फही. दोघांना तापमान एकच मिळते. शिवाय प्रारूपात जमीन कायम तशीच राहते. काळी नदीवरचे सुप्याचे धरण १९८० च्या दशकात झाले, जुने सुपे गाव पाण्याखाली गेले, दऱ्यांचा जलाशय झाला. ईआरए-५ मध्ये मात्र तलावांचा नकाशा पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत एकच. हिमनद्यांचेही तसेच. प्रत्यक्षात हिमनदी मागे हटते, उघडा खडक वर येतो, उन्हात तापतो. प्रारूपातला बर्फ ठरलेल्या जागी ठरलेल्या क्षेत्रात पडून राहतो. ज्या बदलाचा अभ्यास करायचा, तोच बदल साधनाने धरलेला नाही, ही अडचण लहान नाही.

एक उदाहरण कागदावर मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण हिमालयात शोभतील असेच. चौकोनाची सरासरी उंची ४,२०० मीटर आणि त्याचे जुलै ते सप्टेंबरचे सरासरी तापमान ६ अंश सेल्सियस धरू. हिमनदीचा जो भाग आपल्याला हवा तो ५,२०० मीटरवर आहे. उंची हजार मीटरने वाढली. शाळेच्या भूगोलात शिकवलेल्या नियमाने, म्हणजे हजार मीटरला साडेसहा अंश घट धरून, तिथले तापमान शून्याखाली अर्धा अंश येते. पण पावसाळी दमट हवेत ही घट हजार मीटरला पाच अंशच असेल, तर तेच तापमान शून्याच्या वर एक अंश. बर्फ वितळण्याचा ढोबळ हिशेब असा करतात की शून्याच्या वरच्या प्रत्येक अंशामागे दिवसाला अमुक मिलिमीटर पाणी. उघड्या हिमनदीच्या बर्फासाठी ७ मिलिमीटर ही वाजवी संख्या. नव्वद दिवसांत, एक अंशाने, ६३० मिलिमीटर. एका चौरस किलोमीटरवर हे सहा लाख तीस हजार घनमीटर पाणी होते. पहिल्या हिशेबात सरासरी शून्याखाली असल्याने हे पाणी जवळजवळ येतच नाही. प्रत्यक्षात तापमान दिवसागणिक वरखाली होत असते, म्हणून पहिल्या हिशेबातही काही दुपारी बर्फ वितळेल आणि दोन उत्तरांतले अंतर थोडे कमी होईल. तरी मुद्दा उरतोच: चौकोन तोच, पुनर्विश्लेषण तेच, फक्त उंचीनुसार घटीचा दर वेगळा धरला आणि हिमनदी वाचली किंवा आटली. त्या दीड अंशात आणखी एक गोष्ट ठरते. आकाशातून पडणारे पाऊस म्हणून पडेल की हिम म्हणून, हेही शून्याच्या आसपासच ठरते. ताजे पांढरे हिम ऊन परतवून लावते. पाऊस पडला तर काळपट जुना बर्फ उघडाच राहतो आणि अधिक वितळतो. म्हणजे तापमानातली चूक हिशेबात एकदा शिरली की दुसऱ्या दाराने पुन्हा शिरते.

मग हा दर खरा किती? खरे उत्तर असे की तो जागेप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि तासाप्रमाणे बदलतो, आणि त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. कोरडी हवा वर चढताना हजार मीटरला ९.८ अंशांनी थंड होते. दमट हवेत वर जाताना बाष्पाचे पाणी होते, त्यातून उष्णता सुटते, आणि घट त्या मानाने सौम्य होते. हिमालयाच्या दक्षिण उतारावर मोसमी पावसाच्या महिन्यांत घट मंदावते, उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत ती तीव्र होते, हे नेपाळपासून गढवालपर्यंत मोजून दिसलेले आहे. हिवाळ्याच्या निरभ्र, निवांत रात्री तर क्रमच उलटतो. उतारावरची जमीन आकाशाकडे उष्णता फेकून गार होते, तिला लागलेली हवा जड होऊन ओघळत दरीत साचते आणि तळ माथ्यापेक्षा थंड राहतो. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. सह्याद्रीच्या खोलगट भागांत माघात पहाटे धुके तळाशी बसते आणि वरचा कडा मोकळा असतो, त्यामागे हेच आहे. अशा रात्री ‘वर जाल तसे थंड’ हा नियम लावणारा संगणक दरीला जितकी ऊब देईल, तितकी तिथे नसते.

हिमनदीवर याहून विशेष गोष्ट घडते. वितळत्या बर्फाचा पृष्ठभाग शून्य अंशाच्या वर जाऊच शकत नाही. मिळालेली जादा उष्णता वितळण्यात खर्च होते. उन्हाळी दुपारी भोवतालचे खडक तापलेले, दरीतली हवा दहा-बारा अंशांची, आणि मधोमध हा शून्यावर खिळलेला पट्टा. त्याला लागलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून खाली वाहू लागते. हा हिमनदीचा स्वतःचा वारा. त्याच्या थरात उंचीनुसार तापमान घटण्याचा नेहमीचा हिशेब लागत नाही. ऑस्ट्रियातल्या पास्टर्झे हिमनदीवर १९९० च्या दशकात झालेल्या मोजणीतून ग्रॉयेल आणि ब्योम यांनी हे दाखवून दिले. एव्हरेस्टच्या पायथ्याशी नेपाळात, सुमारे ५,०५० मीटरवर, ‘पिरॅमिड’ नावाची इटालियन प्रयोगशाळा आहे. तिथल्या तीन दशकांच्या जवळपास चाललेल्या नोंदींवरून २०२३ मध्ये असा निष्कर्ष आला की भोवतालची हवा तापत असतानाही उन्हाळ्यातले तिथले कमाल तापमान त्या प्रमाणात वाढलेले नाही. वरच्या हिमनद्यांवरून दिवसा खाली येणारे थंड वारे बळावले आहेत. ३१ किंवा १२ किलोमीटरच्या चौकोनात हा वारा नाही. त्यामुळे पुनर्विश्लेषणातून तिथली तापमानवाढ जशीच्या तशी उचलणारा अभ्यासक हिमनदीवरची हवा प्रत्यक्षापेक्षा जास्त तापवून बसेल. आणि हिमनदी आक्रसत गेली, तिचा वारा पडला, की हीच चूक उलट दिशेची होईल. चूक कायम एका बाजूची असती तर एकदाच वजा करून सुटता आले असते.

असे असताना पुनर्विश्लेषण वापरायचेच कशाला, असा आक्षेप घेणारे आहेत, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. त्यांचे म्हणणे, हे प्रत्यक्ष वेध नव्हेत. यंत्राने भरलेल्या रिकाम्या जागा आहेत. उत्तर असे की रिकामी जागा कशीतरी भरावीच लागते, आणि जुनी रीत याहून निर्दोष नव्हती. छोटा शिग्री ही चंद्रेच्या खोऱ्यातली हिमनदी भारतातल्या उत्तम अभ्यासलेल्या हिमनद्यांपैकी. २००२ पासून तिची वाढ-घट दर वर्षी मोजली जाते. त्याआधीचा, १९६९ पासूनचा इतिहास संशोधकांनी उभा केला तो कुलूजवळच्या भुंतर विमानतळावरच्या वेधशाळेच्या नोंदींवरून. भुंतर सुमारे ११०० मीटरवर, बियासच्या दरीत, सुमारे ५० किलोमीटर दूर. हिमनदी चार हजार मीटरच्या वर, पीर पंजालच्या पलीकडे. प्रत्यक्ष वेध खराच, पण तीन हजार मीटर खालचा. तो उपयोगी पडला याचे कारण हिमनदीजवळच्या स्वयंचलित केंद्राच्या थोड्या वर्षांच्या नोंदी हाताशी होत्या आणि त्यांच्या आधाराने खाल-वरचा संबंध बसवता आला. मला यात सगळ्या विषयाची किल्ली दिसते. लांबची, दीर्घकाळची नोंद भुंतरची असो की पुनर्विश्लेषणाची, ती काळातला चढउतार पुरवते. जागेवरची थोडक्या काळाची नोंद पाया पुरवते. भुंतरपेक्षा पुनर्विश्लेषण एका बाबतीत सरसही आहे. हिमनदीच्या पातळीवरची मोकळी हवा, म्हणजे ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या आसपासचा साडेपाच-पावणेसहा हजार मीटरचा थर, त्यात फुग्यांच्या आणि उपग्रहांच्या नोंदींनी बराच बांधलेला असतो. पश्चिमी झंझावात कधी आला, किती दिवस राहिला, गार हवा कधी उतरली, हे त्या थरात स्पष्ट दिसते. पुनर्विश्लेषणाची उणीव जमिनीलगतच्या शेवटच्या काही मीटरांत आहे.

म्हणूनच जाणते अभ्यासक चौकोनातले जमिनीलगतचे तापमान उचलून त्याला साडेसहाने गुणत-भागत बसत नाहीत. आधी ते चौकोनाची उंची काढतात. ही माहिती संचात भूविभवाच्या रूपाने दिलेली असते, तिला ९.८०६६५ ने भागले की मीटर मिळतात. आश्चर्य असे की इतकी साधी पायरी कित्येक जण गाळतात. मग वरच्या दाबपातळ्यांवरची तापमाने घेऊन त्या दिवसाचा, त्या तासाचा घटीचा दर पुनर्विश्लेषणातूनच काढतात आणि हव्या त्या उंचीवर येतात. तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची: जागेवरच्या तापमापकाशी ताडून उरलेला फरक महिन्यागणिक, शक्य तर रात्र आणि दिवस वेगळे धरून, दुरुस्त करायचा. आणि नोंदींतला एक भाग मुद्दाम बाजूला ठेवून त्यावर आपली दुरुस्ती तपासायची. ज्या नोंदींवर दुरुस्ती बसवली त्यांच्यावरच ती खरी ठरली, यात काही सिद्ध होत नाही. इथे एक सोयीची गोष्ट अशी की हिमनद्यांवरची बहुतेक स्वयंचलित केंद्रे संशोधनासाठी उभारलेली असतात आणि त्यांच्या नोंदी रोजच्या जागतिक देवाणघेवाणीत जात नाहीत. पुनर्विश्लेषणाने त्या आधीच पचवलेल्या नसतात, म्हणून साक्षीदार म्हणून त्या स्वतंत्र राहतात.

दुसरा आक्षेप आशावाद्यांचा: आज चौकोन ३१ किलोमीटरचा आहे, उद्या एक किलोमीटरचा होईल, मग हे सारे आपोआप मिटेल. काही अंशी ते खरे आहे. डोंगराचा आकार जितका बारीक धराल तितकी उंचीची चूक घटेल. पण बारीक चौकोन म्हणजे अधिक वेध नव्हेत. ईआरए-५ चीच जमिनीपुरती ९ किलोमीटरची आवृत्ती आहे. तिच्यात नवे वेध मिसळलेले नसतात. मोठ्या चौकोनातली हवा उंचीचा हिशेब करून लहान चौकोनांत वाटली जाते आणि जमिनीचे प्रारूप तिच्यावर पुन्हा चालवले जाते. नकाशा देखणा होतो, माहिती त्या प्रमाणात वाढत नाही. मूळ संचात तिबेटच्या पठारावर हिम प्रत्यक्षापेक्षा जास्त साठते, हा दोष अभ्यासकांनी दाखवलेला आहे. जमीन जास्त पांढरी म्हणजे ती ऊन जास्त परतवते, आणि लगतची हवा नको तितकी थंड दिसते. असा दोष चौकोन बारीक केल्याने जात नाही. उपग्रह थेट तापमान मोजतात, मग त्यांचेच घ्या, असेही सुचवले जाते. उपग्रहाला दिसते ते पृष्ठभागाचे तापमान, माणसाच्या उंचीवरच्या हवेचे नव्हे. आणि तेही आकाश निरभ्र असेल तेव्हा. मोसमी महिन्यांत, म्हणजे हिमनदी सर्वाधिक वितळते नेमक्या त्याच काळात, हिमालयाच्या दक्षिण उतारावर ढग असतात. उपग्रह साथीला हवाच, पण एकट्याच्या भरवशावर नको.

याउलट तापमापकाची साक्षही डोळे मिटून मानावी अशी नसते, आणि माझ्या बाजूचा हा कच्चा दुवा मी झाकून ठेवणार नाही. हिमनदीवर तिपाईवर बसवलेला तापमापक बर्फ वितळेल तसा कलतो. हिमवर्षावानंतर तो पृष्ठभागापासून दोन मीटरऐवजी अर्ध्याच मीटरवर उरतो. त्याच्या पांढऱ्या कवचाला पंखा नसेल, तर निवांत दुपारी वरून ऊन आणि खालून बर्फाने परतवलेले ऊन, अशा दोन्हींनी तो तापतो आणि हवेपेक्षा काही अंश जास्त दाखवतो. हिवाळ्यात विजेरी मरते, हिमकडा कोसळून खांब गाडला जातो, आणि मे महिन्यात माणूस पोहोचेपर्यंत काय झाले ते कळत नाही. अशा वेळी पुनर्विश्लेषण तापमापकाला सावरते: शेजारचा दिवस जुळतो आणि एकच दुपार सहा अंशांनी फटकून असते, तेव्हा दोष बहुधा उपकरणाचा. दोघांचा उपयोग असा परस्परांना तपासण्यात आहे. एक मर्यादा मात्र दोघांनाही लागू पडते. आजच्या पाच वर्षांवरून बसवलेली दुरुस्ती पन्नास वर्षे मागे नेताना आपण असे धरतो की तेव्हाही चौकोन आणि उतार यांचा संबंध हाच होता. हिमनदी तेव्हा मोठी होती, तिचा वारा वेगळा होता. त्यात १९७९ च्या आसपासपासून उपग्रहांच्या नोंदी मोठ्या प्रमाणात येऊ लागल्या. त्याआधीच्या हिमालयावर पुनर्विश्लेषणाला आधारच थोडा होता. म्हणून १९५० च्या दशकातली हिमनदी पुनर्विश्लेषणावरून एका ठाम रेघेने काढणारा आलेख मी मान्य करणार नाही. त्या रेघेभोवती अनिश्चिततेचा रुंद पट्टा हवा, आणि मागे जाऊ तसा तो रुंदावत जायला हवा.

इतकी काळजी करायची, कारण या आकड्यांवर माणसे निर्णय घेतात. २००७ च्या आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असे एक वाक्य आले. त्याला मोजणीचा आधार नव्हता, आणि जानेवारी २०१० मध्ये समितीला ते मागे घ्यावे लागले. त्या एका वाक्याचे निमित्त करून काहींनी हिमनद्या आटतच नाहीत असा उलटा प्रचार केला. तोही खोटा होता: काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय पर्वतविकास केंद्राच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांची घट २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधला दक्षिण ल्होनाक हा हिमनदीच्या पाण्याचा तलाव फुटला आणि तिस्तेवरचे चुंगथांगचे धरण वाहून गेले. असे तलाव किती झपाट्याने फुगतील, कोणत्या उंचीपर्यंत पाऊस हिमाची जागा घेईल, उन्हाळ्यात चंद्रा-चिनाबला किती पाणी येईल, या सगळ्या हिशेबांच्या तळाशी तापमान आहे. आणि हिमालयाचा हिशेब हिमालयापुरता राहत नाही. भारतीय हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्येच हिमालयातल्या हिमाचा आणि भारतातल्या मोसमी पावसाचा संबंध मांडला होता. तो संबंध त्यांना वाटला तितका सरळ नाही हे पुढे दिसले, पण त्याचा शोध थांबलेला नाही. ज्या पावसावर काळी नदी आणि सुप्याचा जलाशय भरतो, त्याच्या कारणांचा माग काढताना हिमालयाचे बर्फाळ माथे वगळता येत नाहीत.

पुढच्या पानांकडे वळणाऱ्या वाचकाला, विशेषतः कारवार, बेळगाव, कोल्हापूर, गोवा इथल्या महाविद्यालयांत भूगोल आणि भौतिकशास्त्र शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना, एक विनंती आहे. हिमनदीवर जाणे प्रत्येकाला जमणारे नाही, पण तिथली रीत आपल्या घाटात पडताळून पाहता येते. उळवीच्या किंवा कॅसलरॉकच्या परिसरात एक चांगला सावलीतला तापमापक, एक घाटमाथ्यावर, एक दरीत, असे वर्षभर चालवा. रोजची नोंद तारीख, वेळ आणि उंचीसह लिहा. त्याच तारखांचे पुनर्विश्लेषणाचे आकडे उतरवून घ्या, चौकोनाची उंची काढा, आणि फरक महिन्यागणिक मांडा. पावसाळ्यात तो फरक किती आणि माघातल्या पहाटे किती, हे स्वतःच्या वहीत पाहिलेला विद्यार्थी उद्या चंद्रेच्या खोऱ्यातले आकडे हाताळेल तेव्हा डोंगराच्या नावाने आलेल्या प्रत्येक तापमानाला पहिला प्रश्न उंचीचा विचारेल. आणि ज्यांच्याकडे अशा नोंदी आधीपासून आहेत, मग त्या शाळेच्या असोत, चहा-कॉफीच्या मळ्याच्या असोत की धरणावरच्या कार्यालयाच्या, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. त्या उघड्या कराव्यात.